मोटर घेण्याआधी पाण्याची पातळी मोजा

उन्हाळा लागला की दुकानात रोज एक तक्रार येते : "विहिरीत पाणी दिसतंय, मोटर फिरतेय, पण उचलत नाही. मोठी मोटर द्या." आम्ही आधी विचारतो, पंपापासून पाणी किती फूट खाली आहे?

मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला, पाण्याच्या वर बसवायचा पंप, पाणी ओढतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात इंपेलर (पंपातलं पात्यांचं चाक) फिरला की सक्शन पाइपातला दाब घटतो आणि विहिरीतल्या पाण्यावर असलेला हवेचा भार ते पाणी पाइपात चढवतो. हा भार समुद्रकाठी फार तर १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट पाणी तोलतो. ६०० मीटर उंचीच्या पठारावर त्यातले दोनेक फूट कमी होतात. पाइपातलं घर्षण, बेंड आणि फुटव्हॉल्व्हचा (पाइपाच्या तळाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) अडथळा वजा केला की हाती २०-२२ फूट उरतात. तीनच्या जागी साडेसात एचपी लावली तरी यात फरक पडत नाही. मोटेला ही अडचण नव्हती. नाडा थेट पाण्यापर्यंत जायचा. म्हणून पातळी उतरली की मोनोब्लॉकही खालच्या टप्प्यावर उतरवा.

पातळी जवळ असूनही पाणी येत नसेल तर पंप हवा घेत असणार. चालू पंपाच्या सक्शनला सांधा सैल असला तरी पाणी गळत नाही, हवा आत शिरते, त्यामुळे दोष दिसत नाही. मोटर बंद करून पाइप काठोकाठ भरा आणि अर्धा तास थांबा. पाणी उतरलं तर फुटव्हॉल्व्ह किंवा सांधा तपासा. बहुतेकदा वॉशर बदलून काम भागतं. तेवढ्यासाठी नवी मोटर विकणं आम्हाला पटत नाही.

बोअरची गोष्ट वेगळी. सबमर्सिबल पाण्यात बुडालेली असते आणि पाणी खालून वर ढकलते. एकावर एक बसवलेली प्रत्येक स्टेज, म्हणजे इंपेलरचा एकेक टप्पा, थोडी थोडी उंची वाढवत जाते. मोटर थंड राहते ती बाजूने वाहणाऱ्या पाण्यामुळे. पाणी तुटलं की वाइंडिंग जळतं. म्हणून ड्राय रन संरक्षण (पाणी तुटलं की मोटर आपोआप बंद करणारी सोय) नसलेला स्टार्टर घेऊ नका.

आपल्या काळ्या पाषाणात खाली नदी वाहत नसते. पाणी असतं मुरमात, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात. तिथून जेवढं झिरपेल तेवढंच बोअर देणार. मोठी मोटर ते फक्त लवकर संपवते.

आता हिशेब. जुनी मोटर चालू ठेवून पातळी स्थिर होऊ द्या आणि २०० लिटरचा बॅरल भरा. तो १०० सेकंदांत भरला तर सेकंदाला २ लिटर पाणी मिळतं. पातळी ३०० फुटांवर, म्हणजे साधारण ९० मीटरवर असेल तर २ गुणिले ९०, म्हणजे १८०; भागिले ७५ (सेकंदाला ७५ किलो एक मीटर उचलणं म्हणजे एक एचपी), म्हणजे २.४ एचपी. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली की ५ एचपी पुरते. मोटर ४५० फुटांवर सोडलेली असली तरी उंची ३०० फूटच धरायची, कारण त्यावरचं दीडशे फूट पाणी बोअरमध्ये आपोआप उभं असतं. टाकी उंचावर असेल किंवा पाइपलाइन लांब असेल तर मात्र ती भर यात घालावी लागते.

दुकानात येताना चालू मोटरची पातळी, बॅरल भरायला लागलेले सेकंद, टाकीची उंची आणि पाइपलाइनची लांबी लिहून आणा. बोअर असेल तर केसिंगचा (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाचा) व्यासही मोजा.