डायलिसिसची खरेदी: ‘सर्वात कमी दर’ म्हणजे नेमका कोणता?

डायलिसिसचे यंत्र, म्हणजे कृत्रिम मूत्रपिंड, १९४३ साली नेदरलँड्समध्ये रुग्णाला जोडले गेले. १९६२ मध्ये सिएटलमध्ये यंत्रे इतकी अपुरी होती की उपचार कोणाला द्यायचे, हे ठरवायला नागरिकांची समिती बसली. कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न बराच पुढचा.

अनेक निकष तोलून पर्याय निवडायचे असे प्रश्न सोडवायची एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) ही पद्धत १९७० च्या दशकातली. निकष दोन-दोन घेऊन तोलायचे: सुरक्षितता दुरुस्तीच्या सोयीपेक्षा किती महत्त्वाची, १ ते ९ मध्ये सांगा. १९८३ मध्ये तिच्यातली खोच उघड झाली. यादीतल्याच एका पर्यायाची नक्कल आणून ठेवली तरी पहिल्या दोन क्रमांकांवरच्या पर्यायांचा क्रम उलटू शकतो. निविदेत असे झाले तर कोर्टकचेरी ठरलेलीच.

आपल्याकडे विषय तापला तो २०१६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाल्यावर. पद्धत तीच जुनी: तांत्रिक लिफाफ्यात पास व्हा, मग ‘एल-वन’, म्हणजे ज्याचा दर कमी त्याला काम.

पण दर कशाचा? तीन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस धरले तर एका मशीनवर वर्षाला ९३६ सत्रे होतात. डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) आणि ब्लडलाइन (रक्ताच्या नळ्या) मिळून सत्रामागे १०० रुपये जास्त लागले, तर सात वर्षांत साडेसहा लाखांचा फरक पडतो. स्वस्त मशीन घेऊन त्याच कंपनीच्या साहित्याला बांधून घेणे हा सौदा कसला? देखभाल करार काही निविदांत दरात धरतात. साहित्य मात्र बऱ्याचदा बाहेरच राहते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने गुणवत्तेला वेटेज द्यायची मुभा दिली, तीही जास्तीत जास्त ३० टक्के, आणि फक्त बांधकामांसाठी व सल्लागारी सोडून इतर सेवांसाठी. मशीन विकत घेतले तर ती ‘वस्तू’, म्हणून या सवलतीबाहेर. तेच मशीन ठेकेदाराने आणून सत्रामागे पैसे घेतले तर ‘सेवा’. रुग्णाच्या हातातली सुई दोन्हीकडे सारखीच.

त्या ३० टक्क्यांचाही जोर किती? समजा, एकाचा दर १,२०० रुपये आणि तांत्रिक गुण ७५, दुसऱ्याचे गुण ९५. वीस गुणांची आघाडी अंतिम हिशेबात सहावर येते. उरलेले ७० गुण दराचे: सर्वात कमी दराला पूर्ण, दुसऱ्याला त्या प्रमाणात कमी. दुसऱ्याने १,३१२ च्या वर दर लावला की काम पहिल्याचे.