१२-०-१२ ट्रान्सफॉर्मर: दोन डायोड की चार?

घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्यांची सुरुवात बऱ्याचदा १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर (तीन तारांचा: मधली ० ची, कडेच्या दोन्ही तिच्यापासून १२-१२ व्होल्टच्या) आणि ४४४० या ऑडिओ आयसीचा बोर्ड यांनी होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही सहज मिळतात. ट्रान्सफॉर्मर देतो एसी, बोर्डला लागते डीसी. ती बदलायला डायोड लागतात, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. मग एक जण सांगतो दोन डायोड पुरे, दुसरा म्हणतो चार डायोडचा ब्रिजच लाव. दोघांचंही चूक नाही. पण मधल्या तारेचं काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि बोर्ड जळतात ते त्यामुळेच.

दोन डायोडच्या जोडणीत मधली तार म्हणजे ग्राउंड, शून्य व्होल्टची बाजू. कडेच्या दोन्ही तारांना एकेक डायोड लावायचा आणि डायोडांच्या पट्टीकडच्या बाजू एकत्र करायच्या. तिथे प्लस मिळतो. प्लस आणि ग्राउंड यांच्यामध्ये डीसी सपाट करणारा कॅपॅसिटर लावायचा. वाइंडिंगचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या वेटोळ्याचे, दोन अर्धे भाग आळीपाळीने काम करतात. १२ व्होल्ट एसीचं शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १७ व्होल्टच्या आसपास. त्यातून एका डायोडचे ०.७ गेले की कॅपॅसिटरवर साधारण १६.३ उरतात. लोड नसताना मीटर याहूनही जास्त दाखवतो. ट्रान्सफॉर्मर बिघडलेला नाही, गणितच तसं आहे. म्हणून कॅपॅसिटर १६ व्होल्टचा नको, २५ चाच घ्या.

आता तोच ट्रान्सफॉर्मर ब्रिजला लावा. कडेच्या दोन तारा ब्रिजला आणि मधली तार टेप गुंडाळून मोकळी सोडली, तर ब्रिजला १२ नाही, २४ व्होल्ट एसी मिळते. शिखर ३४, दोन डायोडचे १.४ वजा, हाती साडेबत्तीस. ४४४० ची चालू असतानाची कमाल मर्यादा १८ व्होल्ट आहे. बोर्ड गेलाच म्हणून समजा. ब्रिजच लावायचा असेल तर मधली आणि कडेची एक, अशा दोनच तारा वापरा; पण मग अर्धं वाइंडिंग रिकामं बसतं आणि एका डायोडचे ०.७ व्होल्ट जास्त जातात. इतक्या कमी व्होल्टेजला तेही जाणवतात. ४४४० साठी माझं मत सरळ दोन डायोडना.

ब्रिज खरा शोभतो तो टीडीए २०३०ए सारख्या आयसीला, जिथे बहुधा प्लस आणि मायनस दोन्ही देतात. तिथे मधली तार पुन्हा ग्राउंड होते आणि मिळतात +१६ व −१६. दिसायला ब्रिज, पण प्रत्यक्षात त्या दोन डायोडच्या दोन जोड्या आहेत: एक प्लस देते, दुसरी मायनस.

स्पीकरमधल्या गुणगुणीच्या बाबतीत दोन डायोड आणि ब्रिज दोन्ही सारखेच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दोन्हींत १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे डीसीतला चढउतार, येतो. एक अँपिअर लोडला ४७०० मायक्रोफॅरडवर तो जवळजवळ दोन व्होल्ट असतो. कॅपॅसिटर वाढवूनही गुणगुण जात नसेल तर ग्राउंडची वायर बघा. मधली तार आधी थेट कॅपॅसिटरच्या पायाला सोल्डर करा आणि बोर्डचं ग्राउंड त्या पायापासूनच न्या. बोर्डचं ग्राउंड ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर यांच्या मधूनच कुठूनतरी उचललं, तर चार्जिंगच्या करंटचे झटके त्या वायरमधून आवाजात मिसळतात.