रोलर आणि रोलर: लॉनवरचे पट्टे नेमके कशाने पडतात?

टीव्हीवर मॅच लागली की मैदानातले फिकट-गडद हिरवे पट्टे दिसतात, आणि अधूनमधून पिचवरून फिरणारा तो जाडजूड लोखंडी रोलरही दिसतो. दोन्ही एकाच मैदानात दिसत असल्यामुळे आपण मनात गाठ मारून टाकतो की पट्टे रोलरने पडतात. पडतात रोलरनेच, पण तो रोलर हा नव्हे.

मला हे उशिरा कळलं. न्यू जर्सीतल्या घराभोवती मागे-पुढे मिळून अर्धा एकर लॉन आहे, आपल्या हिशेबाने 20 गुंठे, आणि एकही गुंठा सपाट नाही. साताऱ्याहून आलेल्या बाबांनी पहिल्याच सकाळी हातात चहा घेऊन फेरी मारली. "हे लॉन आहे की ढेकळांचं रान? रोलर फिरव. सपाटही होईल आणि ते पट्टेही पडतील." बाबांनी तरुणपणी क्लबच्या पिचवर रोलर ओढलेला, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. पाणी भरायचा, पिंपासारखा पोकळ रोलर आणला आणि काठोकाठ भरला. 100 लिटर पाण्याचे 100 किलो, वर पिंपाचं वजन वेगळं. एप्रिलच्या पावसाने माती ओलीच होती. आम्ही दोघांनी आलटून पालटून तो दोन दिवस ओढला.

उंचवटे होते तिथेच राहिले. पट्टे पुसट उमटले आणि दुसऱ्या दिवशी गेले. जूनमध्ये मात्र जिथे आम्ही जास्त फेऱ्या मारल्या होत्या तिथे पाणी साचायला लागलं आणि गवत विरळ झालं.

बाबांचा रोलर मातीसाठी असतो. पिच 22 यार्ड लांब, 10 फूट रुंद. चिकणमाती भरपूर, ओल बेताची, गवत जवळजवळ मुळापर्यंत छाटलेलं. तिथे मातीतली हवा दाबून बाहेर काढायचीच असते, चेंडूला उसळी मिळते ती त्यातूनच. दोन डावांच्या मध्ये किंवा सकाळी खेळ सुरू होण्याआधी फलंदाजी करणाऱ्या संघाचा कप्तान रोलर मागू शकतो, पण नियमाने जास्तीत जास्त 7 मिनिटं. लॉनच्या मुळांना नेमकी तीच हवा लागते. ओल्या मातीवरून वजन फिरवलं की मातीतल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. खड्ड्यांचं तर आणखीच मजेशीर. पिंप दोन उंचवट्यांवर टेकतं आणि मधल्या खड्ड्यावरून पुलासारखं निघून जातं. म्हणजे दाबून घट्ट झालेला उंचवटा तसाच, आणि खड्डाही तसाच.

पट्टे पाडणारा रोलर गवत कापायच्या यंत्राच्या, म्हणजे मोवरच्या मागे, जमिनीला चिकटून फिरतो. त्याला मातीशी काही देणंघेणं नाही, तो फक्त गवताची पाती वाकवतो. मोवर तुमच्यापासून दूर गेला की पाती दूर झुकतात, त्यांची पसरट बाजू उजेड परत फेकते आणि पट्टा फिकट दिसतो. मोवर तुमच्याकडे येताना पातीही तुमच्याकडे वाकतात, मग शेंडे आणि त्यांच्या तळची सावली दिसते, तो पट्टा गडद. गवत एकच, उंचीही एकच. मखमलीवर एकदा उलटं आणि एकदा सुलटं बोट फिरवून बघा, तसंच.

मखमलीची उपमा ओढूनताणून आणलेली नाही. लॉन मोवरचा जन्मच कापडाच्या गिरणीतला आहे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाच्या माणसाने लोकरी कापडावरची लव छाटणारं यंत्र पाहिलं आणि 1830 मध्ये त्याच धर्तीवर गवत कापणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्रात मागचा रोलर दातेरी चाकांमार्फत पुढची पाती फिरवायचा. रोलर होता यंत्र चालवायला, पट्टे आपसूक पडत होते. पुढे इंग्लिश माणसाने त्यालाच नीटनेटकेपणाची खूण करून टाकलं.

आता खडबडीत लॉनचा प्रश्न. बडिंगच्या वंशातला सिलिंडर मोवर, ज्याला अमेरिकेत रील मोवर म्हणतात, कात्रीसारखा कापतो आणि विंबल्डनच्या 8 मिलिमीटर गवतावर शोभतो. माझ्याकडे तो पहिल्याच उंचवट्यावर माती खाईल. इथे आडवं पातं गरगर फिरवणारा साधा रोटरी मोवर घ्यावा आणि मागे रोलरचा जोड लावावा. मी 4 इंची पीव्हीसी पाइपात वाळू भरून, दोन्ही टोकं बंद करून घरीच केला. पाइप लांब आणि ताठ असेल तर तोही खड्ड्यांवरून पुलासारखा जातो आणि तिथे पट्टा तुटतो, म्हणून मी त्याचे दोन तुकडे केले. प्रत्येक तुकडा आपापल्या बाजूचा चढउतार धरतो.

गवत 3 इंचांवर ठेवा. फार आखूड पाती वाकत नाहीत, वर उंचवट्याचं टक्कल पडतं ते वेगळंच. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापू नका. आधी कडेने दोन फेऱ्या मारून वळायला जागा करा. पहिली रेघ ड्राइव्हवेच्या काठाला समांतर घ्या आणि नजर चाकावर नको, लांबच्या एखाद्या झाडावर ठेवा. चाकाकडे बघत गेलो की रेघ हमखास नागमोडी येते, मी तीनदा करून पाहिलंय. पुढच्या आठवड्यात दिशा बदला, नाहीतर चाकोऱ्या पडतात. उतारावर मागून ढकलायचा मोवर आडवा चालवा, बसून चालवायचा असेल तर वर-खाली. पट्ट्यांच्या सौंदर्यासाठी हा नियम मोडू नका.

साताऱ्याच्या अंगणात हे सगळं जुळवून आणायला गेलात तर मात्र निराशा होईल. आपली हरळी, म्हणजे गणपतीची दूर्वा, ताठ आणि जमिनीलगत पसरणारी. ती इथल्या थंड हवेतल्या फेस्क्यू किंवा ब्लूग्रास या गवतांइतकी लवत नाही.

आणि सपाट करायचंच असेल तर दाबू नका, भरा. खोलगट जागी चाळलेली माती अर्धा इंच पसरा, पात्यांचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत. गवत त्यातून वर आलं की पुन्हा एक थर. मोठा खड्डा असेल तर गवताचा गालिचा चिरून उलटा, खाली माती भरा आणि परत मिटा. दोन वर्षांत माझं पुढचं अंगण बऱ्यापैकी वळणावर आलं. पिंप-रोलर शेडमागे असतो. सप्टेंबरमध्ये बी पेरल्यावर ते मातीला टेकावं म्हणून अर्धाच भरून एक फेरी मारतो, बस.

बाबा परत आले तेव्हा दिवाणखान्याच्या खिडकीतून त्यांनी पुढचे पट्टे मोजले: फिकट सात, गडद सहा. मग चपला घालून रस्त्यापर्यंत गेले आणि तिथून घराकडे तोंड करून पुन्हा मोजले. फिकट सहा, गडद सात.