लॅपटॉपमधलं सिरियल पोर्ट कार्ड

लॅपटॉपच्या कडेला जी चपटी खाच असायची तिच्यात सरकवून ९ पिनांचा जुना आरएस-२३२ पोर्ट (एका वायरवर एकामागून एक बिट पाठवणारा) परत मिळवून देणारं कार्ड म्हणजे सिरियल पोर्ट कार्ड. आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० चं, २००० नंतरच्या दशकात लॅपटॉपवरून हा पोर्ट हळूहळू गायब झाला, पण ज्या मशीनांना तो लागतो त्या काही गायब झाल्या नाहीत. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा, वीस-पंचवीस वर्षं जुनी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग) मशीन, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) नाहीतर ट्रकचा वजनकाटा अजून याच वायरवर बोलताना दिसेल. स्विच-राउटरवाल्या नेटवर्क मंडळींनाही कन्सोलसाठी, म्हणजे डब्याला थेट जोडून सेटिंग करायला, बऱ्याचदा हाच लागतो.

खाच कुठली आहे ते आधी बघायचं, कारण कार्ड एकमेकांत चालत नाहीत. जुनी पीसीएमसीआयए खाच ६८ पिनांची, कार्ड ८५.६ बाय ५४ मिमी, त्याचाच ३२ बिटवाला पुढचा अवतार म्हणजे कार्डबस. मग २००३ मधे एक्स्प्रेसकार्ड आलं, त्याला २६ पिना आणि रुंदी ३४ किंवा ५४ मिमी. ३४ चं कार्ड ५४ च्या खाचेत बसतं, उलटं नाही. थिंकपॅड टी४३० सारख्या २०१२ च्या लॅपटॉपलाही ही खाच होती, म्हणून असले सेकंडहँड लॅपटॉप मशीन सर्व्हिसवाल्यांमधे अजून मागणीत असतात.

आता खरी गोम. एक्स्प्रेसकार्डच्या खाचेत दोन वायरिंग येतात, एक पीसीआय एक्स्प्रेसचं आणि एक साधं यूएसबी २.० चं, आणि कार्ड बनवणारा दोन्हीपैकी कुठलंही वापरू शकतो. त्यामुळे बाजारात सारखीच दिसणारी दोन कार्डं मिळतात आणि आतून ती पूर्ण वेगळी असतात. एकात ऑक्सफर्ड सेमीकंडक्टरची नाहीतर हैदराबादच्या मॉसचिपची ९९०१ सारखी चिप असते, म्हणजे खरा यूएआर्ट, सिरियल डेटा स्वतः पाठवणारी-घेणारी चिप. दुसऱ्यात एफटीडीआय किंवा प्रोलिफिकची चिप असते, म्हणजे तोच साधा यूएसबी कन्व्हर्टर, फक्त पत्र्याच्या डब्यात घातलेला आणि जास्त पैशांना. साध्या कन्सोल कामाला तोही चालतो, वाईट नाही. पण यूएसबीत डेटा गठ्ठ्याने येतो, एफटीडीआयचा लेटन्सी टायमर (गठ्ठा भरायची वाट किती बघायची ते) मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, आणि ज्या सॉफ्टवेअरला उत्तर ठराविक वेळेतच हवं असतं ते मधेच टाइमआउट मारतं. कार्ड घेतानाच चिप विचारून घ्यायची, दुकानदाराला माहीत नसेल तर लावून डिव्हाइस मॅनेजरमधे हार्डवेअर आयडी बघायचा: पीसीआयने सुरू होतोय की यूएसबीने (एफटीडीआयचा पोर्ट FTDIBUS ने सुरू होतो, तोही यूएसबीच).

बसवणं तसं दोन मिनिटांचं काम. कार्ड सरकवलं आणि काहीच झालं नाही तर आधी बायोसमधे खाच बंद करून ठेवलीय का ते बघा, कंपनीच्या लॅपटॉपवर आयटीवाले हे करतात. विंडोजमधे पिवळं उद्गारचिन्ह आलं तर चिपचा ड्रायव्हर टाकायचा, ६४ बिट विंडोजला सही केलेलाच ड्रायव्हर लागतो, डब्यासोबत आलेल्या सीडीवरचा बऱ्याचदा चालत नाही. मग पोर्ट दिसतो आणि त्याला कॉम ७, कॉम ११ असला काहीतरी नंबर मिळालेला असतो. जुनी सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ च्या पुढे बघतच नाहीत, म्हणून पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड मधे जाऊन नंबर बदलायचा. तिथे "इन यूज" दिसलं तरी घाबरायचं नाही, कधीतरी लावून काढलेल्या कन्व्हर्टरांनी अडवून ठेवलेले नंबर असतात ते, लपवलेली डिव्हाइसं दाखवून जुनी नोंद उडवली की सुटतात. इंटेल वीप्रोवाल्या लॅपटॉपवर मात्र एक कॉम ३ आधीपासून असतो, तो रिमोट मॅनेजमेंटचा, त्याला बाहेर कनेक्टरच नाही. त्यावर तासभर डोकं आपटणारे लोक मी बघितलेत, मीही त्यातलाच.

डॉसचं सॉफ्टवेअर असेल तर नंबर बदलूनही भागत नाही. ते थेट ३एफ८ या पत्त्यावर आणि आयआरक्यू ४ वर कॉम १ शोधतं, आणि पीसीआय कार्डाचा पत्ता भलतीकडेच असतो. अशा वेळी डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून पोर्ट जोडणं किंवा सरळ जुना खऱ्या पोर्टचा लॅपटॉप शोधणं एवढंच हातात राहतं.

लिनक्सवर ऑक्सफर्ड, मॉसचिपची कार्डं कर्नलच्या ८२५० ड्रायव्हरवर बहुधा आपोआप चालतात, lspci या कमांडमधे कार्ड दिसलं आणि dmesg या कमांडमधे ttyS4 किंवा ttyS5 हे पोर्टचं नाव आलं की झालं. पोर्ट दिसतो पण उघडत नाही म्हणजे बहुधा युजर पोर्ट वापरायची परवानगी देणाऱ्या dialout ग्रुपमधे नाही.

मशीनला जोडायच्या आधी लूपबॅक टेस्ट करायची, म्हणजे पाठवलेलं आपल्याकडेच परत येतं का बघायचं: कनेक्टरची २ आणि ३ नंबरची पिन छोट्या वायरने जोडायची, टर्मिनलमधे लोकल इको आणि फ्लो कंट्रोल बंद करायचं, टाईप केलेलं अक्षर परत उमटलं तर कार्ड ठीक. वायर काढल्यावर उमटणं थांबलंही पाहिजे, ते बघायला लोक विसरतात. पुढे अडलं तर दोष केबलचा नाहीतर सेटिंगचा. ९ पिनांत २ वर रिसीव्ह आणि ३ वर ट्रान्समिट, २५ पिनांत ते उलटं, आणि ग्राउंड ९ मधे ५ वर तर २५ मधे ७ वर. बाजारातली तयार केबल इथेच फसवते.

सेटिंगमधे राउटरला ९६०० चा वेग, ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट हे बऱ्याचदा जमतं. सीएनसीवर ७ बिट आणि इव्हन पॅरिटी खूप ठिकाणी असते, कंट्रोलच्या पॅरामीटरमधे बघूनच लावायचं. आणि इथे खऱ्या यूएआर्टचीही एक खोडी आहे. १६५५० चिपमधे १६ बाइटचा फिफो (डेटा थोडा वेळ थांबतो ती रांग) असतो, ऑक्सफर्डच्या ९५० मालिकेत १२८ बाइटचा. मशीनने एक्सऑफ पाठवून "थांब" सांगितलं तरी फिफोत भरलेलं काही चिपा पाठवूनच टाकतात, आणि कंट्रोलचा बफर लहान असेल तर ओव्हररन अलार्म येऊन प्रोग्राम अर्ध्यात तुटतो. उपाय सोपाय, अॅडव्हान्स्ड मधला ट्रान्समिट बफरचा स्लायडर खाली ओढायचा.

केबल लावताना मशीन आणि लॅपटॉप दोन्ही बंद असलेले बरे. दोन पिनी चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या बॉडीला हात लावला की जी बारीक झिणझिण जाणवते तोच करंट सिरियलच्या ग्राउंडमधून वाट काढतो आणि पोर्ट जाळू शकतो, कार्डाचा किंवा मशीनचा, मशीनचा गेला तर खर्च कुठच्या कुठे जातो. चार्जर काढून बॅटरीवर काम करा, रोजचं काम असेल तर ऑप्टो आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा अडॅप्टर, घ्या. कार्डासोबत येणारी आखूड वायर सगळ्यात आधी तुटते, ती लॅपटॉपच्या कडेला लोंबकळत न ठेवता टेपने चिकटवायची, म्हणजे ९ पिनी केबलचं वजन खाचेवर येत नाही.