आकडी, काठी आणि कळप: ख्रिस्ती श्रद्धेतील मेंढपाळाच्या प्रतिमेची पार्श्वभूमी

खांद्यावर कोकरू घेतलेला, शांत चेहऱ्याचा येशू हे चित्र चर्चच्या काचांवर, प्रार्थनापुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि दफनभूमीतील शिळांवर इतके परिचित झाले आहे, की मेंढपाळ म्हणजे कोमलता आणि कोमलता म्हणजेच देवाची काळजी, असे समीकरण सहज मनात बसते. या प्रतिमेचा इतिहास मात्र वेगळा आहे. ‘मेंढपाळ’ ही आधी राजाची पदवी होती, पुढे ती राजावरील आरोपपत्राची भाषा झाली, आणि त्यानंतर देवाने स्वतः कळपाचा ताबा घेण्याची घोषणा तिच्यातून झाली. ख्रिस्ती श्रद्धेला मिळालेली प्रतिमा ही अशी, हिशेब मागणारी आहे.

मेसोपोटेमियात राजे स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेत असत. इ.स.पू. १७५०च्या सुमारास कोरलेल्या आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या हम्मुराबीच्या विधिशिळेच्या प्रस्तावनेत, देवांनी निवडलेला मेंढपाळ अशी त्याने आपली ओळख करून दिली आहे. इजिप्तच्या राजाच्या हातातील वाकड्या टोकाचा दंडही गुराख्याच्या काठीवरूनच आलेला मानला जातो. हम्मुराबीच्या त्याच शिळेवर खऱ्याखुऱ्या मेंढपाळांसाठीही कलमे आहेत, आणि ती या पदवीपेक्षा अधिक बोलकी आहेत. सिंहाने जनावर मारले तर मेंढपाळाने देवासमोर शपथ घेऊन आपली निर्दोषता सांगावी आणि नुकसान मालकाने सोसावे. परंतु मेंढपाळाच्या हयगयीने कळपाची हानी झाली असेल, तर ती त्याने भरून द्यावी. राखणदार हा दुसऱ्याच्या मालाला जबाबदार असतो, ही कल्पना येथे कायद्याच्या भाषेत स्पष्ट मांडलेली आहे.

इस्राएल लोकांच्या शास्त्रात हीच कल्पना घराघरातील अनुभवातून येते. त्यांचे मूळपुरुष मेंढरे राखणारेच होते. याकोबाने वीस वर्षे सासऱ्याचा कळप राखला आणि निघताना त्याला सुनावले, की फाडून टाकलेले मेंढरू मी तुमच्याकडे आणले नाही, ते नुकसान मीच सोसले, आणि दिवसाचे ऊन व रात्रीची थंडी यांत माझ्या डोळ्यांवरची झोप उडाली. निर्गम या ग्रंथातील नियमानुसार हिंस्र पशूने जनावर फाडले असेल, तर राखणदाराने त्याचा अवशेष पुरावा म्हणून आणावा लागे. मेंढपाळ सिंहाच्या जबड्यातून दोन पाय किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, हा आमोस संदेष्ट्याचा दृष्टान्त याच नियमामुळे समजतो: तो तुकडा वाचलेल्या मेंढराचा नसून मेलेल्या मेंढराचा हिशेब आहे. ज्या याकोबाने ही राखण केली, तोच म्हातारपणी नातवंडांना आशीर्वाद देताना, जन्मभर आपल्याला राखणारा देव, असे शब्द वापरतो. देवाला मेंढपाळ म्हणण्याचा हा आरंभीचा उल्लेख राखणीचे कष्ट स्वतः भोगलेल्या माणसाच्या तोंडी यावा, हे मला महत्त्वाचे वाटते.

दाविदाच्या नावे असलेले तेविसावे स्तोत्र याच भूमीतले आहे. बेथलेहेमच्या पूर्वेला यहूदियाचे रान सुरू होते. तेथे पाऊस तुटपुंजा पडतो आणि हिवाळी सरींनंतर थोडेच आठवडे डोंगरउतारांवर कोवळे गवत दिसते. त्यामुळे स्तोत्रातले हिरवे कुरण म्हणजे कायमची समृद्धी नव्हे. आज कोठे चारा उगवला आहे हे ठाऊक असणाऱ्याच्या मागे जाणे, एवढाच त्याचा अर्थ. संथ पाण्याचेही तसेच आहे, कारण त्या प्रदेशातील कोरड्या ओढ्यांना दूरवरच्या पावसाने अचानक लोंढा येतो. स्तोत्राच्या रचनेत एक बारीक वळण आहे. कुरण आणि पाणी यांविषयी बोलताना कवी देवाचा उल्लेख ‘तो’ असा करतो. काळोख्या दरीचा विषय निघताच मात्र ‘तू माझ्याबरोबर आहेस’ असे थेट संबोधन येते. पुढे मेंढपाळाचे चित्र मागे पडून शत्रूंच्या देखत ताट वाढणारा यजमान दिसू लागतो. स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचे आहे, पण त्यातील काळजी धोक्याच्या बाहेर कोठेही घडत नाही.

राजांच्या संदर्भात मात्र शास्त्राचा सूर बदलतो. मेंढरांमागून आणलेला दावीद हा आदर्श राजा ठरला खरा, पण त्याच्या गादीवर आलेल्यांविषयी संदेष्ट्यांनी हीच प्रतिमा उलटी फिरवली. यिर्मयाने कळपाची पांगापांग करणाऱ्या मेंढपाळांना शाप दिला. इ.स.पू. ५९७ मध्ये बंदिवासात नेलेला यहेज्केल बाबेलमध्ये खबार कालव्याकाठी राहत होता. यरुशलेम पडल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचते ती त्याच्या ग्रंथाच्या तेहेतिसाव्या अध्यायात, आणि लगेच चौतिसाव्यात इस्राएलच्या मेंढपाळांवरील खटला उभा राहतो. तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पुष्ट मेंढरू कापता; पण दुबळ्याला बळ दिले नाही, मोडलेल्याला बांधले नाही, हरवलेल्याला शोधले नाही, असे आरोपांमागून आरोप येतात. निकाल असा, की परमेश्वर या सर्वांना कामावरून काढून स्वतःच मेंढरे शोधायला निघेल. राज्य, मंदिर आणि गादी ही तिन्ही गेल्यानंतर देवाच्या काळजीविषयी बोलायला जी भाषा उरली, ती ही. त्याच अध्यायात देव मेंढरामेंढरांतही न्याय करतो: धष्टपुष्ट मेंढरांनी चारा तुडवून आणि पाणी गढूळ करून दुबळ्यांना धक्के मारले, याचाही जाब विचारला जातो. प्रवचनांतून हा भाग क्वचितच ऐकू येतो.

येशूने मेंढपाळाविषयी जे सांगितले, त्यामागे हा सारा वारसा आहे. शंभरांतील एक मेंढरू हरवल्यावर नव्याण्णव रानात ठेवून त्याच्या शोधात जाणाऱ्याची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि येशू पापी लोकांच्या पंक्तीला जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना उद्देशून ती सांगितलेली आहे. यहेज्केलचे वाक्य ठाऊक असलेल्या श्रोत्यांना हरवलेल्याचा शोध घेणे हे मुळात कोणाचे काम होते, हे वेगळे सांगावे लागले नसावे. योहानाच्या दहाव्या अध्यायात ‘मी उत्तम मेंढपाळ आहे’ हे वचन येते आणि त्यासमोर मोलकरी उभा केलेला आहे, जो लांडगा दिसताच पळतो कारण मेंढरे त्याची नसतात. अध्याय पुढे सरकतो तो यहुद्यांच्या हिवाळ्यातील समर्पणाच्या सणाकडे. इ.स.पू. १६४ मध्ये विटाळलेले मंदिर शुद्ध केल्याची आठवण हा सण जपत असे, आणि त्या आठवणीत प्रमुख याजकपद पैसे मोजून मिळवणाऱ्यांचाही इतिहास होता. मूळ ग्रीक भाषेत ‘उत्तम’साठी जो शब्द आहे, त्यात चांगुलपणाबरोबर देखणेपणाची, उमदेपणाचीही छटा आहे. या मेंढपाळाचा उमदेपणा मेंढरांसाठी प्राण देण्यात आहे. हम्मुराबीच्या कायद्यात किंवा निर्गमाच्या नियमात कोणत्याही राखणदाराकडून एवढी अपेक्षा नव्हती.

येशूच्या काळी मेंढपाळ समाजात तुच्छ, अविश्वासू मानले जात, हे विधान नाताळच्या प्रवचनांत हमखास ऐकू येते. मेंढपाळीला हलका धंदा ठरवणारी रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांची, वचने खरोखर आहेत, परंतु ती नंतरच्या संकलनांत आलेली असून त्यांच्या आधारे बेथलेहेमच्या मेंढपाळांना समाजबहिष्कृत ठरवणे घाईचे होईल. ज्या लोकांनी आपल्या देवाला मेंढपाळ म्हटले, त्यांनी तो धंदा सरसकट हीन मानला असणे कठीण आहे.

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी ही प्रतिमा दोन दिशांनी नेली. मंडळीच्या वडिलांना कळप राखण्याची जबाबदारी सोपवताना पेत्राच्या पहिल्या पत्रात, अनीतीने पैसे मिळवण्याच्या लोभाने नव्हे, तर मनापासून, असे बजावलेले आहे आणि वर एक ‘मुख्य मेंढपाळ’ येणार आहे, याची आठवण दिली आहे. दुसरी दिशा चित्रांची. रोमच्या भुयारी दफनस्थळांत तिसऱ्या शतकापासून खांद्यावर मेंढरू घेतलेला बिनदाढीचा तरुण दिसतो. ही मुद्रा ग्रीक-रोमन कलेत आधीपासून रूढ होती आणि ख्रिस्ती लोकांनी तिला आपला अर्थ दिला. फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या सीमेवरील नगरात घराचे रूपांतर करून बनवलेल्या प्रार्थनास्थळात, बाप्तिस्म्याच्या कुंडामागील भिंतीवर असाच मेंढपाळ रंगवला होता. इ.स. २५६च्या सुमारास ते नगर उद्ध्वस्त झाले, वेढ्यात तटाशी टाकलेल्या मातीखाली ही भिंत गाडली गेली, आणि म्हणूनच ती विसाव्या शतकातील उत्खननात हाती लागली. बाप्तिस्मा घेणारा माणूस पाण्यात उतरताना समोर हेच चित्र पाहत असणार.

तिसऱ्या शतकाच्याच आरंभी उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने प्याल्यांवर रंगवलेल्या मेंढपाळाचा रागाने उल्लेख केला आहे. बाप्तिस्म्यानंतर व्यभिचारासारखे पाप करणाऱ्याला मंडळीने पुन्हा जवळ करावे का, हा वाद होता. जवळ करावे म्हणणारे हरवलेल्या मेंढराचा दाखला देत, आणि तर्तुलियनचे म्हणणे असे की ते मेंढरू म्हणजे बाहेरचा मूर्तिपूजक, मंडळीतला पापी नव्हे. मंडळी पुढे त्याच्या मागे गेली नाही. देवाची काळजी किती लांब जाते, हा प्रश्न प्याल्यावरच्या चित्रावरून लढवला गेला होता, एवढे तरी त्यातून कळते.

रोमन सम्राट ख्रिस्ती झाल्यावर चित्र पालटले. इटलीतील राव्हेन्ना येथे पाचव्या शतकात बांधलेल्या, गाला प्लासिदियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत उत्तम मेंढपाळ सोनेरी झग्यात आणि जांभळ्या उपरण्यात खडकावर बसला आहे, हातातील काठीच्या जागी उंच क्रूस आहे, आणि कोणतेही मेंढरू त्याच्या खांद्यावर नाही. त्यानंतर सिंहासनावरचा ख्रिस्त ही मुद्रा प्रबळ झाली. भाषांतरातही याचा पडसाद सापडतो: पाश्चात्त्य उपासनेत शतकानुशतके म्हटल्या गेलेल्या, जेरोम या बायबल-भाषांतरकाराच्या लॅटिन स्तोत्रसंहितेत तेविसाव्या स्तोत्राची सुरुवात, परमेश्वर माझे नियमन करतो, अशा अर्थाने होते, तर त्याच जेरोमने हिब्रूवरून केलेल्या दुसऱ्या भाषांतरात, परमेश्वर मला चारतो, असे क्रियापद आहे. दुसरे अधिक नेमके असूनही प्रचारात पहिले राहिले.

मेंढपाळ हे पद झाले तरी आरोपपत्र पुरते विसरले गेले नाही, याचे श्रेय ऑगस्टिनला दिले पाहिजे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोच्या या बिशपने यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायावर दीर्घ प्रवचन केले आणि तो अध्याय स्वतःलाच लावून घेतला: आम्ही ख्रिस्ती आहोत ते आमच्यासाठी, आणि पुढारी आहोत ते तुमच्यासाठी. इ.स. ५९०मध्ये साथीने ग्रासलेल्या रोममध्ये पोपपदावर आलेल्या पहिल्या ग्रेगरीने, हे ओझे आपण का टाळू पाहत होतो, हे सांगण्यासाठी पाळकांच्या कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग वेगवेगळ्या माणसांशी, म्हणजे गरिबाशी आणि श्रीमंताशी, आनंदी आणि खिन्न माणसाशी, कसे निरनिराळे बोलावे याला दिलेला आहे. बिशपच्या हातातील वाकड्या टोकाचा दंड आणि पोप आर्चबिशपांना देतात तो कोकराच्या लोकरीचा पट्टा ही त्याच कामाची चिन्हे होत. २८ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना, मेंढरांचा वास अंगाला असलेले मेंढपाळ व्हा, असे सांगितले, तेव्हा जगभर त्याचे नावीन्य वाटले. परंतु त्यातील बोच जुनीच होती.

आपल्याकडे ही प्रतिमा दोन वाटांनी आली. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंतात कोरलेल्या ‘उत्तम मेंढपाळ’ मूर्तींत बाल येशू डोंगराच्या शिखरावर बसलेला असतो, मांडीवर आणि खांद्यावर कोकरे असतात, गाल हातावर टेकलेला आणि डोळे मिटलेले असतात. खाली झरा आणि कळप कोरलेले असतात. पोर्तुगीज विषय स्थानिक कारागिरांच्या हाती गेल्यावर त्यात ध्यानस्थ मुद्रेची छाया आली, असे अभ्यासक मानतात. दुसरी वाट मराठी बायबलची. सेरामपूरहून विल्यम केरी यांनी १८११मध्ये नवा करार मराठीत छापला, मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६मध्ये निघाला, आणि पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४मध्ये, प्रसिद्ध झाले. मराठी भाषांतरकारांना मेंढपाळासाठी शब्द शोधावा लागला नाही. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे धनगरांचे वाडे आणि खतासाठी शेतात मेंढरे बसवून घेणारे शेतकरी त्यांच्या परिचयाचे होते. स्तोत्रातील ‘तुझी आकडी व तुझी काठी’ या शब्दांत फांदी ओढून पाला खाली आणणारी आकडी डोळ्यांसमोर येते, जरी हिब्रूतील पहिले हत्यार श्वापदाला मारण्याच्या सोट्याच्या जवळचे असले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील ‘पाळक’ हा शब्दही याच घरातला.

आजच्या कॅथलिक उपासनेत पुनरुत्थान काळाचा चौथा रविवार उत्तम मेंढपाळाचा मानला जातो आणि योहानाचा दहावा अध्याय तीन वर्षांच्या चक्रात तीन तुकडे करून वाचला जातो, त्यामुळे मोलकऱ्याचा उल्लेख असलेला तुकडा त्या रविवारी तीन वर्षांतून एकदाच येतो. यहेज्केलचा चौतिसावा अध्याय ख्रिस्तराजाच्या सणाला, तोही तीन वर्षांतून एकदा, वाचतात. वाचन सुरू होते ते अकराव्या ओवीपासून, जेथे परमेश्वर स्वतः मेंढरांच्या शोधाला निघतो. मेंढपाळांवरील आरोप त्याआधीच्या दहा ओव्यांत आहेत.