संवर्धनासाठी स्थानांतर (गोड्या पाण्यातील प्राणी)

धोक्यात आलेले मासे, खेकडे, शिंपले किंवा बेडूक एका पाण्यातून काढून दुसऱ्या पाण्यात मुद्दाम वसवणे म्हणजे स्थानांतर. प्राणी आपणहून करतो ते स्थलांतर. पहिल्या पावसात वहाळ चढून भातशेतीत येणारे चढणीचे मासे हे त्याचे कोकणातले उदाहरण.

निर्णय घेताना आधी पाहायचे ते संख्या घटण्याचे कारण. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी निघाल्या नाहीत, तर चढणीचे मासे भिंतीखालीच अडतात. ते उचलून वर सोडणे म्हणजे दरवर्षीचा खटाटोप. त्यापेक्षा फळ्या वेळेवर काढाव्यात. ओढा धरणाच्या बुडितात कायमचा जाणार असेल, तर मात्र हलवण्यावाचून गत्यंतर नसते.

जागा निवडताना अंतरापेक्षा पाणलोट महत्त्वाचा. आंबोली सिंधुदुर्गात असली तरी तिथे उगम पावणारी हिरण्यकेशी नदी पूर्वेला घटप्रभेला व पुढे कृष्णेला मिळते. जवळचेच ओढे घाट उतरून अरबी समुद्राकडे जातात. आंबोलीतल्या देवळाच्या कुंडातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एकाच ठिकाणच्या अशा माशाची दुसरी वसाहत करण्याचा मोह स्वाभाविक आहे; पण म्हणून तो पश्चिमेच्या ओढ्यात सोडणे चूकच. दुसऱ्या खोऱ्यात मासा सोडण्याचा धोका कावेरीत दिसला: लोणावळ्यात वाढवलेला निळ्या परांचा महसीर तिथे सोडला गेला, तो फोफावला आणि मूळचा कुबडा महसीर मागे पडला. २०१८ मध्ये कुबड्याची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली.

शिंपल्यांची फसगत उशिरा कळते. त्यांची पिल्ले सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. योग्य मासा नसलेल्या डोहात मोठे शिंपले वर्षानुवर्षे जगतात, पण पुढची पिढी होत नाही. नव्या डोहात डासांसाठी सोडलेले गप्पी किंवा तिलापिया असे परदेशी मासे नाहीत ना, हेही आधी जाळे टाकून पाहावे.

माशांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयीचा: वीण उरकलेली, पूर ओसरलेला, पाणी पुरेसे. एप्रिल-मेमध्ये ३० अंशांच्या डोहात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना नऊ. नेण्यापूर्वी मासे एक दिवस उपाशी ठेवतात, नाहीतर विष्ठेमुळे पिशवीतला अमोनिया वाढतो. दुहेरी पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी प्राणवायू. पोचल्यावर पिशवी १५ ते ३० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून थोडेथोडे नवे पाणी आत घ्यावे, मग मासे जाळीने काढून सोडावेत. पिशवीतले पाणी ओढ्यात ओतू नये. रोग त्यातूनही जातो. जाळी दुसऱ्या पाण्यात घालण्यापूर्वी निर्जंतुक करून उन्हात कडकडीत वाळवावी.

प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूचीत असल्यास कलम १२ खालची परवानगी आधी हवी. सोडलेले प्राणी वर्षभर जगले एवढ्यावरून वसाहत झाली असे धरत नाहीत. त्यांना खुणा करून सोडतात. पुढच्या पावसाळ्यांनंतर बिनखुणेची पिल्ले सापडली, तरच वीण झाल्याचे कळते.