पाळणाघराच्या डक्टला घाम का फुटतो?

चवथीची सुट्टी संपली आणि नातीला पणजीतल्या तिच्या पाळणाघरात सोडायला मी गेलो. दार उघडताच वास आला. पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटातल्या वह्यांना येतो ना, तोच. छतातल्या ग्रिलभोवती काळे ठिपके, मूठभर मोहरी उधळावी तसे. बाईंच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. "सर, डक्ट साफ करून घेतोय. ९९.९ टक्के जंतू जातात म्हणे."

डक्ट म्हणजे एसीची थंड हवा खोलीत आणणारी छतातली पत्र्याची वाट. पत्रकात एकीकडे काळाकुट्ट डक्ट, दुसरीकडे चकचकीत, मध्ये ब्रश. पाण्याचं नाव कुठेच नाही. गोव्यात डक्टबद्दल बोलायचं आणि पाणी विसरायचं, म्हणजे हुमणाची कृती सांगताना नारळ विसरण्यासारखं आहे.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरांसाठी दिलेल्या सल्ल्यात सरळ सांगते, की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही. आत डोळ्यांना दिसणारी बुरशी असेल, उंदीर-किडे शिरले असतील किंवा धुळीने वाट तुंबली असेल, तर साफ करा. दरवर्षीचा नेम म्हणून नको. ही धूळ-बुरशी जमते कशी हे कळलं, तर ब्रशवर पैसे कधी घालायचे तेही कळतं.

आधी एक प्रयोग करा. स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घ्या, थर्मामीटर ठेवा आणि बर्फाचा एकेक खडा टाकत ढवळत राहा. बाहेरचा पत्रा अमुक तापमानाला अचानक धुरकट होतो. तो दवबिंदू. सोलकढीच्या थंड पेल्याला फुटतो तो घाम हाच. जुलैत आमच्याकडे तो २५ अंशांच्या आसपास सापडतो. म्हणजे २५ पेक्षा थंड जे जे काही असेल, ते ते भिजणार. आणि एसीच्या डक्टमधून वाहणारी हवा असते १३-१४ अंशांची!

एसीचा जन्मच मुळी या दवबिंदूपायी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा, रंगांवर रंग नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरने हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातलं पाणी काढून टाकलं. गारवा हा त्यातला जोडधंदा. पुढे पिट्सबर्गच्या फलाटावर धुक्यात उभं असताना त्याला हवा आणि तिच्यातल्या पाण्याचं गणित सुचलं असं सांगतात. १९११ साली त्याने ते सूत्रांत मांडलं. माझ्या मते वाफेच्या इंजिनाइतकंच ते शाळेत शिकवायला हवं, पण ते असो.

आता आकडे. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता हा आपला पावसाळी दिवस. अशा एक घनमीटर हवेत साधारण साडेचोवीस ग्रॅम वाफ असते. तीच हवा १३ अंशांपर्यंत थंड केली की तिला जेमतेम सव्वाअकरा ग्रॅम पेलवते. उरलेले तेरा ग्रॅम कॉइलच्या, म्हणजे एसीतल्या थंड नळ्यांच्या, पात्यांवर पाणी होऊन खालच्या ट्रेमध्ये पडतात. वीस फूट लांब-रुंद आणि दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा बाहेरच्या हवेने एकदा बदलली, की जवळपास दीड लिटर पाणी! ते ट्रेमधून ड्रेन पाइपात जावं, एवढीच एसीकडून अपेक्षा.

मात्र कॉइलमधून निघालेली हवा 'कोरडी' असते हा गैरसमज आहे. तिच्यात वाफ कमी असते, पण त्या तापमानाला मावेल तेवढी जवळपास सगळी असते. म्हणजे डक्टच्या आत सापेक्ष आर्द्रता नव्वदीच्या पुढे. हीच हवा खोलीत येऊन २४ अंशांची झाली की आर्द्रता पन्नासवर उतरते आणि आपल्याला छान वाटतं. डक्टचा पत्रा आतून सहसा भिजत नाही, कारण तो हवेहून थंड नसतो. भिजते ती धूळ. कातडीचे कण, सुती धागे, कागदाचा भुगा, नव्वद टक्क्यांत हे सगळं ओलावा ओढून घेतं. बुरशीला एवढंच लागतं. नुसता पत्रा तिला खाता येत नाही. ताट म्हणून चालतो, जेवण धुळीचं.

तरीही दिवसभर तिची वाढ मंद असते, कारण थंडी. खरा खेळ संध्याकाळी एसी बंद झाल्यावर. कॉइल ओली, ट्रेमध्ये पाणी, डक्ट हळूहळू २८ अंशांवर येतो आणि ट्रेमधलं पाणी उलट वाफ होऊन डक्टमध्येच शिरतं. ऊब, अंधार, ओल, खाणं. ओली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा, नाहीतर बुरशी धरते, असा नियम आहे. चवथीची सुट्टी किती दिवसांची असते ते गोंयकाराला सांगायला नको.

बाहेरूनही तेच. फॉल्स सीलिंगवरची हवा दमट असते. डक्टभोवती गुंडाळलेल्या इन्सुलेशनचा जोड सुटला किंवा ते उंदराने कुरतडलं, की उघड्या थंड पत्र्यावर दव धरतं आणि खालच्या जिप्समवर थेंब पडत राहतात. ग्रिलभोवतीचे ठिपके कधी या ओलीचे असतात, तर कधी ती खोलीचीच धूळ असते, थंड ओल्या कडेला चिकटलेली. नुसतं बघून सांगता येत नाही. मग न दिसणाऱ्या डक्टचं नुसत्या पत्रकावरून काय सांगणार?

मुलांच्या बाबतीत हे अधिक जपायचं. दोन वर्षांचं मूल मिनिटाला २० ते ३० श्वास घेतं, वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा, आणि फुप्फुसातले वायुकोश तेव्हा अजून वाढत असतात. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, दमा बळावतो हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत मान्य केलं आहे.

आमच्या पाळणाघरातल्या एका आजीचं निदान वेगळं होतं. तीन पोरं एकदम खोकू लागली म्हणजे दृष्ट लागली! तिने मिरच्या-मीठ ओवाळून निखाऱ्यावर टाकलं, आणि मग पोरंच काय, आम्हीही खोकलो. बाईंनी वास मारायला लावलेला धूप त्याच जातीचा. धुराचे बारीक कण फुप्फुसात खोल जातात, बुरशी मात्र जागची हलत नाही. ओझोन सोडणारी यंत्रं हा त्याचाच महागडा अवतार. बुरशी मारण्याइतका ओझोन मुलांनाही सोसत नाही.

बहुतेक पाळणाघरांत डक्ट नसतो, भिंतीवरचा स्प्लिट एसी असतो. तो बाहेरची हवा आत आणतो असं कित्येकांना वाटतं. आणत नाही. खोलीतलीच फिरवतो. वीस मुलं तासाला ढोबळमानाने दोनशे लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. बंद खोलीत तासाभरात तो दोन हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दोन हजार भागांच्या) पुढे जातो, बाहेर असतो सव्वाचारशेच्या आसपास. म्हणून खिडकी उघडायची, तर पाणी आत! ही गोव्याची पंचाईत. जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या आणि मंगळुरी कौलांतल्या फटींतून हवा वाहायची, घर ओलं व्हायचं पण वाळायचंही. यावर उपाय म्हणजे बाहेरची हवा मोजून घ्यायची आणि ती आधी कॉइलवरून नेऊन मग खोलीत सोडायची. स्प्लिट एसी असेल, तर मुलं अंगणात गेल्यावर खिडक्या सताड उघडायच्या.

मेकॅनिक आला, तेव्हा मी टॉर्च घेऊन शिडीवर चढलो. बाईंनी विचारलं, "सर, पडणार नाही ना?" फिल्टर स्वच्छ होता. ट्रे मात्र उलट्या बाजूला कललेला, त्यात बोटभर पाणी आणि तळाला शेवाळासारखा बुळबुळीत थर. ड्रेन पाइपाला यू-आकाराचा वाकच नव्हता. पंख्याच्या ओढीने हवा पाइपातून उलटी आत येते आणि पाणी बाहेर पडत नाही. एका जोडावरचं इन्सुलेशन लोंबत होतं. डक्टच्या आत दोन-तीन फुटांपर्यंत ओली धूळ, त्यापुढे पत्रा स्वच्छ.

म्हणजे ब्रश लागला, पण सगळ्या डक्टला नाही. रविवारी, मुलं नसताना, कॉइल आणि तेवढा भाग व्हॅक्यूम लावून साफ केला. औषध फवारायला मी नाही म्हटलं. भिजलेलं इन्सुलेशन धुऊन उपयोग नसतो, ते काढून नवीन घातलं. ट्रेचा उतार नीट केला. पंखा 'ऑन'वरून 'ऑटो'वर आणला, कारण कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा चालू राहिला, तर ओल्या कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत. तापमान १९ वरून २४ वर. २०२० पासून नवे स्टार रेटिंगवाले एसी सुरू होताना २४ वरच असतात, आपण बटणं दाबत खाली नेतो.

शिवाय काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक मुळाक्षरांच्या तक्त्याशेजारी लावला. साठच्या वर गेला की ट्रे बघायचा, असं ठरलं आहे. नातीला अजून आकडे नीट येत नाहीत. काल तिने चौपन्न हे पंचेचाळीस असं वाचलं.